निकाल, दुरुस्तीसह

पहिला रविवार, पाच मैल.
धरणाच्या भिंतीवरून, मेंढ्यांच्या फाटकातून, परत.
पहिला अलेद. एकतीस मिनिटं चार सेकंद,
की नऊ? पावसाने कागद भिजलाय.
चारच धरते. त्याची आई माझ्या शेजारी राहते.
दुसरी मेरेरिद,
वाऱ्याला वेल्शमध्ये आणि चढाला इंग्रजीत शिव्या घालत.
तिसरा कुणी पाहुणा,
नाव न सांगता दोन केळी घेऊन गेला.
मग नेहमीचे, नेहमीच्या क्रमाने,
पंगतीत आपापलं पान ठाऊक असल्यासारखे.

शेवटची ओळ कोरी ठेवली आहे.
सव्वीस वर्षं ती ब्रिनची होती.
खुबा बदलल्यापासून तो फाटक धरून उभा असतो,
मेंढ्यांना एक हाक, माणसांना दुसरी,
कधी कधी अदलाबदल.
या वेळी शेवटी आला ह्यू. पोरगा आहे, पोटरीत गोळा आला होता.
त्या ओळीत त्याला बसवायला हात धजला नाही.
शेवटून दुसरा, असं लिहिलंय.

आता रिले.
चार जण, चार टप्पे, दोन खिंडी,
आणि चॅपलच्या मोडक्या जिन्याच्या कठड्याचा एक दांडा,
ब्रिननेच कातून गुळगुळीत केलेला.
अ संघ सातवा.
ब संघ वाट चुकला, कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत सापडला.
क संघात टेगवेनला ताप,
आणि शनिवारी पहाटे सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी घड्याळ ठेवते. धावत नाही.
अकरा वर्षं गळ्यात दोन घड्याळं, छातीवर नंबर कधीच नाही.
रेषेपाशी उभं राहायचं,
येणाऱ्याचा चेहरा नाही, पाय बघायचे,
कुठला आधी पडतो ते.

पहिल्या टप्प्याबद्दल कुणी बोलत नाही.
दुसऱ्या बदलीला गेथिन झुडपामागे होता.
नेस्टा हातात दांडा घेऊन त्रेचाळीस सेकंद
त्याच्या नावाने खडे फोडत उभी.
ते त्रेचाळीस निकालात धरले आहेत.
तक्रार ऐकली जाणार नाही.

शेवटची बदली खाणीखाली.
ज्या दगडाच्या शाळेच्या पाट्या होत,
त्याच्या कपच्यांचे डोंगर.
गेथिन उतरताना दिसला,
आधी टोपी, मग तोंड वासलेला तो.
दांडा मुठीत आला तेव्हा ऊन होता,
ओला आणि ऊन,
कोंबडीखालून नुकतंच अंडं उचलावं तसा.

अकरा वर्षं मी या टप्प्यापुढे लिहीत आले:
बहुतांशी उतार.
दुरुस्ती: उतार नाही.
एका चढाच्या पाठीमागे दुसरा दबा धरून बसतो,
आणि तिसऱ्यावर कपच्या सरकतात,
दोन पावलं वर, दीड खाली.
नाकातोंडात धुकं. ऊर लोहाराचा भाता.
एका मेंढीने मला मागे टाकलं.
पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही,
नुसता तो दांडा, पुढे कुणालाच द्यायचा नसलेला,
तरी मूठ सुटेना.

पोचले तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती.
चहाच्या नळाखाली एक कप, त्यात थेंब थेंब.
वेळ कुणीच घेतली नव्हती.
वेळ घेणारी वाटेत होती.
फाटकाशी ब्रिन. त्याने आभाळाकडे बघितलं,
मग माझ्या बुटांकडे,
आणि म्हणाला, दिवे लागायच्या आत.

तेच लिहिलंय. क संघ: दिवे लागायच्या आत.

पुढची शर्यत डिसेंबरचा पहिला रविवार.
कप ज्याचा त्याने आणावा. फाटक लावून घ्यावं.
घड्याळ ब्रिनकडे असेल.
शेवटची ओळ मी त्याच्याकडे मागितली आहे.
बराच वेळ दाढी खाजवत राहिला.
बघू, म्हणाला,
आधी धावून दाखव.