डाव्या अंगाची चारी

भूल नुसती कातडीला दिलेली,
त्यामुळं हिरव्या कापडाखाली मला सगळं ऐकू येत होतं.
सिस्टर सालोमीची चप्पल. मशीनचं टुक…
मिनिटाला चौतीस.
माझेच ठोके, सावकाश.

मग डॉक्टर शिरगुप्पे म्हणाले, "थांबा."

तारेनं उजवीकडं वळायचं असतं म्हणे,
गळ्याच्या हाडाखालून निघून छाती ओलांडायची,
मग हृदयात उतरायचं.
ही वळलीच नाही. मणक्याच्या डाव्या कडेनं
सरळ खाली गेली.
औषध सोडलं. पडद्यावर काळं पाणी पळालं.
"जन्माआधीच बुजते ही शीर," ते शिकाऊ पोरीला सांगत होते,
"यांची राहिली."

मला हसू आलं. हलायचं नव्हतं, गिळलं.
एकतीस वर्षं पाटकरी मी.
बेडगच्या शिवारात अशीच एक चारी,
नकाशात नाही, रजिस्टरात नाही.
नऊ नंबरला सोडलेलं पाणी
म्हसोबाच्या ओघळीत निघायचं.
साहेब माझ्याकडं बघायचे, मी ओघळीकडं.
दोनदा बुजवली. पुढच्या साहेबाला म्हटलं,
राहू द्या, चार घरं हंडे भरतात तिच्यावर.

"सर, उजवीकडून नव्यानं घ्यायचं?"
डॉक्टर बराच वेळ गप्प.
मग तारेतल्या सळईला बोटांनी बाक दिला,
बाभळीच्या काटकीला देतात तसा.
आत उलटा वळसा घ्यावा लागतो:
आधी पलीकडच्या भिंतीला टेकायचं,
मग झडपेतून खाली.
निसटली. पुन्हा निसटली.
माझा खांदा बधिर, लघवी तुंबलेली,
मिरजेच्या स्टेशनात कुठली तरी गाडी ओरडत होती.

टुक. टुक. टुक.
साठ.

बाहेर डॉक्टरांनी चंपाला कागदावर काढून दाखवलं.
ती कागद उलटासुलटा करत म्हणाली,
"एवढी वर्सं हाय, आन मला पत्त्या न्हाई."

खिशातल्या कार्डावर पेनानं लिहून दिलंय:
डावी शीर, वळसा घेऊन.
पुढं जो कुणी उघडेल त्याच्यासाठी.

काल चारीवर गेलो.
माझ्या जागेवरचा नवा पोरगा नकाशा धरून उभा,
पाणी कुठं जातंय बघत.
डावा हात महिनाभर वर करायचा नाही.
उजवा पुढं केला,
म्हटलं, पेन दे.