हातावर पोट

तिचे हात म्हणून तुम्ही जे पाहिलेत
ते माझे.
पत्र फाडणारे, पियानोवर थबकलेले,
मरणाऱ्या वैमानिकाच्या कपाळावरचा घाम टिपणारे,
सगळे माझे, मॉड टिलटसनचे,
ऑक्सफर्ड स्ट्रीटवर हातमोजे विकता विकता
कुणाच्या तरी नजरेत भरलेले.
दिवसाला दोन गिनी, दुपारचं जेवण वेगळं.
हातावर पोट म्हणतात ते याहून खरं काय असणार?

इसोबेल वेन हे नाव स्टुडिओनं ठेवलेलं.
त्याआधी ती डोरीन आस्क्यू, ग्रिम्सबीची,
आईशेजारी बसून ट्रॉलरची जाळी विणणारी.
दोरानं बोटं अशी कापलेली
की उन्हाळ्यातही भेगा मिटत नसत.
चेहऱ्याचं त्यांनी सोनं केलं,
बोलणं घासूनपुसून घेतलं
एका मेजरच्या विधवेकडून, आठ महिन्यांत.
हातांपुढे मात्र हात टेकले.

म्हणून मी.
तिच्या बाहीत माझं मनगट,
तिच्या अंगठ्या मला सैल, आतून दोरा गुंडाळलेल्या.
एकदा दिवे लागेपर्यंत
तिनं माझा पंजा उलटसुलट करून पाहिला,
धक्क्यावर मासा पाहावा तसा,
आणि म्हणाली, "यांनी कधी काही केलंच नाही ना गं?"
राग यायला हवा होता.
मला हसू आलं.

एकवीस चित्रपट. तीन नवरे (तिचे).
राजवाड्यात पदक घ्यायला गेली तेव्हाचे
कोपरापर्यंतचे पांढरे मोजे मी निवडलेले,
करडाच्या कातड्याचे, साडेसात नंबर.

मग नव्या मुली आल्या.
फोन वाजेनासा झाला, दोघींचाही.
ती रेडिओवर, मी पुन्हा काउंटरमागे.
मध्ये एक साबणाची जाहिरात,
फेसातले ते हात माझेच. शेवटचे.

सत्तराव्या वर्षी तिला मिळाली
जाळी सांधणारी म्हातारी. संवाद जेमतेम अकरा.
महिनाभर मी रात्री क्रीम चोळून झोपले.
बोलावणं आलं नाही.

हाउन्स्लोला, मंगळवारी दुपारी, स्वस्तातल्या तिकिटावर पाहिला.
पडदाभर हात. सांधे सुजलेले, नखं आखूड.
लाकडी सुई आत, वळसा, ओढ, गाठ.
आत, वळसा.
ती बघतही नव्हती त्यांच्याकडे,
दाराबाहेर बघत होती, बोट आली का.

पेपरांनी लिहिलं: या वयात किती कष्टानं शिकली असेल!

दिवे लागल्यावर शेजारच्या मिसेस गॅडनी विचारलं,
"हेही तुमचेच ना?"
क्षणभर हो म्हणणार होते.
पर्स उघडली, मोजे चढवले.
बाहेर तशी थंडी नव्हती.