एक लाईन सोडून

सातवी ब, कसबा बावडा, जेवणानंतरचा तास.
फळ्यावर चार अक्षरं काढली इंग्रजीत
आणि म्हटलं, लाईन. सांगा अर्थ.
पुस्तकामागं दिलेला सोडून.

मुजम्मिल उठला. पेपरची लाईन, बाई.
माझी एकशे चाळीस घरांची, भगव्या चौकातनं पुढं,
पहाटे पाचला, कुत्र्यांसकट.

सानिकाची लाईन पोलिसांची:
दोन खोल्या, वर पत्रा, पप्पा बंदोबस्तावर.

ओंकारचा मामा दोन नंबरच्या लाईनीत आहे.
म्हणजे रे काय?
माहीत नाही बाई, आई तसं म्हणती.

कबड्डीवाला राजवर्धन उभ्यानंच म्हणाला,
मधली लाईन. दम न सोडता शिवायची,
न्हाईतर मेलास.

मागच्या बाकावरून कुणी हळूच 'मारायची' म्हटलं
आणि अख्ख्या वर्गाला खोकला झाला.
मी ऐकलंच नाही.
पंचवीस वर्षांपूर्वी लाईन बाजारच्या थांब्यासमोर
एकाची सायकल रोज पंक्चर व्हायची,
तेही सांगितलं नाही.

पुस्तकात दिलंय: रेषा, ओळ, रांग.

आमच्या घरात या शब्दाला एकच अर्थ होता.
आप्पा लाईनमन.
वळवाचा वारा सुटला की शेजारी दारात,
लाईन गेलीया, बघा की जरा.
आप्पा ताटावरनं उठायचे.
आई तवा उतरून ठेवायची आणि मग
कुणाशी बोलायची नाही.
लाईन आली की देवाऱ्याकडं नव्हे,
बल्बकडं बघून हात जोडायची.

एकदा, बंद आहे म्हणून सांगितलेली लाईन
चालू होती.

आप्पा वाचले.
उजवा तळहात भाकरीसारखा भाजला
आणि बरा झाला तो नव्या पाटीसारखा, गुळगुळीत.
पुढं जोतिबाच्या पायऱ्यांवर एका ज्योतिष्यानं
तो हात उलटा केला, सुलटा केला,
उन्हाला धरला,
शेवटी पाच रुपये परत दिले.
ह्याच्यावर लाईनच न्हाई, मालक.
आप्पा हसले. आमच्या सगळ्या
वर खांबाला हायत.

हे वर्गाला सांगावं म्हणून तोंड उघडलं
आणि पंखा थांबला.
लाईन गेलीऽऽ! साठ पोरं, एक सूर.

बरं, म्हटलं, वह्या काढा.
जे जे आठवलं ते लिहा, एक लाईन सोडून.
सोडलेल्या लाईनीत काय लिहायचं, बाई? सानिका.
काही नाही. ती तशीच ठेव.

थोड्या वेळानं खिडकीतून
कोपऱ्यावरचा खांब दिसला. चढणारा दिसला नाही,
पानांच्या आड गेला होता.
खाली शिडी धरून एक पोरगं,
मान वर करून.

गप्प बसा, मी ओरडले,
एकदम गप्प.
पोरं घाबरली. त्यांना कळेना,
बाई आज कशावरून चिडल्या.