साडेतीन इंच

टॉवेलची दांडी भिंतीतून उपटून आली
तेव्हा मला कळलं.
मुकुंद म्हणाला, स्क्रू जुने होते.
स्क्रू जुने होतेच. घर एकोणीसशे सव्वीसचं,
पिट्सबर्गच्या ग्रीनफील्डमधल्या उतारावर
एक खांदा पाडून उभं.
पण त्या दांडीला रोज सकाळी
ऐंशी किलो लोंबकळतात
हे स्क्रूंनी सांगायचं कुणाला?

मग मी दाराबाहेरून ऐकू लागले.
फ्लशनंतर एक लांबलचक शांतता,
मग हुश्श,
मग, "अगं, काही नाही."
मी काही विचारलेलं नसे.

प्लंबर आला, लेन कोझाक.
त्याचेही गुडघे वाजत होते. वाकून त्याने मोजलं:
जमिनीपासून साडेचौदा.
नवे मिळतात ते अठरा.
म्हणजे साडेतीन इंच, मी म्हटलं.
देह साडेतीन हातांचा, मुहूर्त साडेतीन,
आणि म्हातारपण, बघ, एवढंसं.
हे मी मराठीतच बोलले.
लेन म्हणाला, यस मॅम.

टाकीचं झाकण उलटं केलं तर आत शिक्का:
मार्च, एकोणीसशे चोपन्न.
त्या मार्चमध्ये मी सांगोल्याला पाच वर्षांची,
परसाकडे, शेजारी टमरेल,
उकिडवी बसून मुंग्यांची रांग बघत असणार
आणि कुणी हाक मारायच्या आत उठून पळत.
गुडघे फक्त खरचटण्यासाठी असतात
अशी तेव्हा माझी समजूत होती.

दुपारभर वर नुसतं एक भोक.
खालची लोखंडी कडी गंजून गेलेली,
लेन दुसरी आणायला गेला तो गेलाच.
मुकुंदला तळघरात जावं लागलं.
इथल्या जुन्या घरांत असतो तसा तिथे एक संडास,
ना भिंत ना पडदा, उघड्यावर एकटा.
पोलादाच्या कारखान्यातून आलेली माणसं म्हणे
खालीच अंग धुऊन मग वर यायची.
घर घेताना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.
पाय धुतल्याशिवाय घरात यायचं नाही,
एवढं इंग्रजी आम्हाला येत होतं.
तेरा पायऱ्या. तो मोजत उतरला,
त्याच्यामागे मी मोजत.
चढताना त्याने, पहिल्यांदाच,
माझा खांदा धरला.

जुना काढून रस्त्याच्या कडेला ठेवला.
या गावात गाडीची जागा राखायला
लोक रस्त्यात खुर्ची ठेवतात, ती कुणी हलवत नाही.
समोरच्या मिसेस डोनाटेली म्हणाल्या,
तुमच्या जागेत आता गव्हर्नरही गाडी लावणार नाही.
पाच दिवस तो तिथे बसून होता,
फिकट पोपटी, घरातल्या थोरल्यासारखा,
मांडीवर बर्फ घेऊन.
मीही हसले सगळ्यांबरोबर.
कचऱ्याची गाडी आली तेव्हा मात्र
खिडकीत उभी राहिले नाही.

नवा पांढरा, चौरंगासारखा उंच.
मुकुंद आत गेला. फ्लश.
शांतता नाही. हुश्श नाही.
बाहेर आला तो
निवडून आलेल्या सरपंचासारखा.

मग माझी पाळी.
चार फूट अकरा इंच मी.
पाय जमिनीला टेकेनात.
बालवाडीच्या बाकावर बसल्यागत
पाय हलवत बसून राहिले, हसू आवरेना.
बाहेरून तो, "काय झालं गं?"
"काही नाही," मी म्हटलं.

आता तिथे रेवाचं स्टूल असतं.
बेसिनपर्यंत तिचा हात पोचेना तेव्हा आणलेलं,
वर तिचं नाव कोरलेलं. ती आता कॉलेजात.
रात्री मुकुंद जातो तेव्हा
पायाने ते बाजूला सारतो,
निघताना परत जागेवर.
फरशीवर लाकूड सरकल्याचा आवाज
दोनदा येतो.
दुसरा ऐकल्यावर मी कूस बदलते.