सांध्यातली वाळू

चौतीस वर्षं मी सेतुबालच्या रस्त्यांवर ओणवा आहे.
गुडघ्याखाली गोणपाट, डाव्या हातात चुनखडीचा दगड,
उजव्या हातात हातोडी.
दोन ठोके, की दगडाला तोंड फुटतं
आणि तो शेजाऱ्याला लागून गप्प बसतो.
पांढरा, पांढरा, काळा.
लाटा केल्या, होकायंत्रं केली,
एकदा बँकेच्या दारात ऑक्टोपस.
आकाश मला जेवणाच्या सुट्टीपुरतं माहीत.

मार्चमधल्या एका मंगळवारी कंबर गेली.
दगड उचलताना नाही, पोतं ओढताना नाही.
मोजा घालताना.
कुल्ल्यापासून पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत
कुणी तापली तार ओढून घ्यावी तसं.
मी न्हाणीघरात आडवा,
दारात लिओनिल्द, तिच्या हातात दुसरा मोजा.
"या फरशीचा उतार चुकलाय," मी म्हणालो.
ती हसली नाही.

मग सगळी गल्ली डॉक्टर झाली.
पट्टा बांध. फळीवर झोप. महिनाभर हलू नकोस.
मासळीबाजारातला एकजण म्हणाला,
दोनदा कडकड वाजवतो, गादी जागेवर.
आणि कुश्तोदियू, माझा जुना जोडीदार:
"एकदा सुरी लागली की खुर्चीच."

मशीनच्या नळीत घातलं तर आत नुसती ठोकाठोकी.
जन्मात पहिल्यांदा
मी पडून होतो आणि ठोकत दुसरं कुणी होतं.

डॉक्टर ग्रासियेत पडद्यावर बोट ठेवून म्हणाली,
हे मणके. ह्या मधल्या गाद्या.
चौथ्या-पाचव्यातली थोडी बाहेर डोकावतेय,
नसेला टेकतेय.
मग विचारलं: लघवी नीट होते?
बसायच्या जागी बधीर वाटतं?
टाचेवर उभं राहून दाखवा.
मी लाजत सगळ्याची उत्तरं दिली.
"मग आज ऑपरेशन नाही.
पण यातलं काही बिघडलं, तर रात्र असली तरी या.
सकाळची वाट बघायची नाही."
तिथंच थांबून पुढं म्हणाली,
"अशी गादी कितीतरी जणांची असते,
दुखत नाही म्हणून त्यांना पत्ता नसतो.
फोटो म्हणजे दुखणं नव्हे."

औषध काय? थोड्या गोळ्या.
आणि चाला.

चार तास रांगेत बसून, चाला!

ओतिलिया व्यायाम शिकवते. पोरगी माझ्या धाकट्या लेकीएवढी.
"हातागुडघ्यांवर या."
ते येतं मला, म्हटलं.
"आता उजवा हात पुढं, डावा पाय मागं. धरून ठेवा."
मी लटपटलो, नव्या खांबासारखा.
"ओणवं होणं येतं तुम्हाला," ती म्हणाली,
"अधूनमधून उठणं येत नाही."

त्या रात्री मला माझा उस्ताद बेलमीरू आठवला.
म्हणायचा, फरसबंदी पहिल्या दिवशी कच्चीच असते.
सांध्यात वाळू झाड, वर पाणी शिंपड,
दोर काढ आणि लोकांना चालू दे.
ती पायांनीच बसते.
हेच मी चौतीस वर्षं दुकानदारांना ऐकवत आलो.

आता संध्याकाळी वीस मिनिटं चालतो.
कधी पोटरीत तार तुणतुणते, तरी चालतो.
सोबत कुश्तोदियू. जूनमध्ये त्याचंच पाऊल लुळं पडलं,
उचलेना, म्हणून सुरी त्यालाच लागली.
खुर्चीत नाही बसला. काठी घेऊन माझ्यापुढे असतो,
आणि आपलं जुनं वाक्य त्याला आठवत नाही.

काल बँकेसमोर थांबलो.
उभ्यानं कधी पाहिलंच नव्हतं.
एक, दोन, तीन... पुन्हा मोजले.
माझ्या ऑक्टोपसला सातच हात आहेत.
बावीस वर्षं! कुणी बोललं नाही,
की सगळेच मान खाली घालून, मोजता न मोजता, गेले?
कुश्तोदियू काठीवर रेलून इतका हसला
की टाके उसवतील अशी भीती वाटली.

आठवा हात घालणार आहे.
डॉक्टरीण हो म्हणाली की.
वीस दगड, मग उठायचं.
पुन्हा वीस.