पाचवा पाय

लिंबानी,
हे पत्र नुसरतला दाखवायचं नाही.
म्हणजे ते मलावीला पोचायचंही नाही.

संस्थेच्या पत्रकात होतं:
वाक्यं छोटी ठेवा. पत्ता देऊ नका.
भेटवस्तूचं वचन नको, घरच्यांची चौकशी नको.
लेकराला हुरूप येईल असं लिहा.
हुरूप.
छत्तीस वर्षं काढली कळंबच्या जनावरांच्या दवाखान्यात,
आंत्रविषाराच्या लसी टोचल्या, अडलेल्या गाई सोडवल्या,
हुरुपाची बाटली कधी स्टॉकला आली नाही.

म्हणून पहिल्या पत्रात नुसत्या शेळ्या लिहिल्या.
आमची उस्मानाबादी काळी असते, कान लांब,
बहुतेक वेताला जुळी देते.
तू शेळीचं चित्र धाडलंस,
पाय पाच.
चष्मा लावून पाचवा पाय तपासला.
शेपूट होती.

माझं मराठी नुसरत इंग्रजीत करते,
पंक्चरवाल्या चाऊसांची थोरली, बी.एस्सी.ला आहे.
तिकडं कुणी बाई ते चिचेवात करते.
डेअरीपर्यंत जाताना दुधाचं होतं
तसंच शब्दाचं होत असणार.
'धीर धर' कसं लिहिशील, विचारलं तिला.
मोबाइल बघून हसायलाच लागली:
काका, त्याचं नावच ते आहे!
घ्या.
तुझी माय तुला जेवायला बोलावते
तेव्हाही हेच सांगते म्हणायची.
मी वर आणखी काय सांगणार होतो?

मग तुझं ते पत्र आलं.
गणितात नापास झालो.
खाली वेगळ्या शाईनं: माफ करा, सर.

पहिला कागद फाडला,
त्यात 'पैसे' दोनदा आलं होतं.
दुसऱ्यात 'आमच्या वेळी'.
तिसऱ्यावर मात्र हात थांबेना:

त्या दिवशी घरात कुणी बोललं नसेल तुझ्याशी
तर चूक तुझी नाही.
बाप ओट्यावर पाठ करून बसला,
चार दिवस बसला.
तू सायकल दोनदा पुसलीस,
ताट वाढलं तरी उंबऱ्यापाशीच उभा.
त्याला वाटत होतं, पोरगं घडतंय.
त्यालाच काही येत नव्हतं, बाळा.
तुझा एक विषय गेला,
त्याचा कुठला गेला
ते त्याला निकालातही कळलं नाही.

नुसरतनं वाचलं. पेनचं टोपण लावलं.
'काका, हे लिंबानीला पाठवायचंय,
का व्यंकटदादाला?'

व्यंकट पुण्याला असतो.
रविवारी फोन करतो. गोळी घेतली का विचारतो.
घेतली म्हणतो मी.
पाऊसपाणी होतं, फोन ठेवतो.

म्हटलं, दे तो कागद इकडं.
तेवढा भाग कात्रीनं कापून
बंडीच्या खिशात ठेवला.
अजून तिथंच आहे. एकदा धुण्यातून वाचला.

तुला गेलं ते एवढंच:
गणित पुन्हा देता येतं.
कळपाचे पाय मोज, चारानं भाग,
शेळ्या निघतील.
शेपूट धरू नकोस.
शेवटी मोठ्या अक्षरात: शाब्बास.

नापास झाल्यावर शाब्बास? नुसरत म्हणाली.
म्हटलं, त्यानं स्वतः होऊन सांगितलं ना.
ती जरा थांबली,
मग तो शब्द तसाच इंग्रजी अक्षरांत उतरवला,
अर्थ न लावता.

काल तुझं उत्तर आलं.
गणिताचं अक्षर नाही त्यात.
शेळी व्याली. एक पाठ, एक बोकड.
बोकडाचं नाव ठेवलंयस
शाबास.
दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा नुसरतकडून वाचून घेतलं.

पुढच्या डाव्या पायानं लंगडतो म्हणतोस.
खुराच्या फटीत बघ, खडा असेल.
घाई करू नकोस, ओरडू नकोस.
घाबरलेलं करडू पाय पोटाशी ओढून घेतं
आणि मग काही केल्या देत नाही.
एका हातानं धर,
आणि त्याच्या नावानं
हाका मारत राहा.