निरंक

अकरा वर्षं हेल्वेचा बिल्ला
दर तिमाहीला माझ्या टेबलावर यायचा
आणि मी लिहायचो : निरंक.
तार्तूच्या या इस्पितळात
इतकी स्वच्छ नोंद दुसऱ्या कुणाचीच नव्हती.
मला कधी शंका आली नाही.
किंवा आली.

बिल्ला खणात असायचा, हातमोज्यांच्या खोक्याखाली.
मर्यादा ओलांडली की पाळीतून नाव जातं,
आणि हेल्वेच्या डोक्यावर घराचे हप्ते.
ती मात्र टेबलाशी उभी,
शिशाचा अंगरखा खांद्यांवर, यंत्र डाव्या हाताला,
कुणाच्या तरी हृदयात तार सरकत असताना.

आता नवा नियम आलाय.
डोळ्यांसाठी वर्षाला दीडशे होते, ते वीस.
डोळ्यालगत वेगळा बिल्ला, छताला शिशाची काच,
आणि आकडा वाढलाच
तर माणूस नाही, आधी खोली तपासायची.
हे वाक्य मी दोनदा वाचलं.

हेल्वेनं कागद उजव्या डोळ्याजवळ धरला.
डाव्यात मोतीबिंदू;
पुलावरचे दिवे, म्हणते, लोकरीचे दिसतात.
"बरं लिहिलंय," म्हणाली,
आणि नव्या पोरीचा, त्रीनूचा, बिल्ला
चाचपत तिच्या टोपीला लावून दिला.

रात्री मी जुनी वही काढली.
निरंक. निरंक. निरंक.
माझंच अक्षर.
किती वळणदार.